रिमुटाकापलीकडचे पूल

“ते पुलाकडे बघतच नाहीयेत, पाण्याकडे बघतायत.”

हे वाक्य एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांचं. ते आपल्या बायकोच्या कानाशी इंग्रजीत बोलले, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या आवाजात, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. माझे बाबा लोखंडी कठड्यावर वाकून खाली बघत होते. त्यांच्या शेजारी आजी, साडीवर जाकीट आणि पायात स्पोर्ट्स शूज, एका हातानं पदर धरून तीही खालीच बघत होती. हा पूल कुणी बांधला, लाकूड कुठून आणलं, बैलगाड्या कशा उतरवल्या, हे सगळं सांगणारा फलक आमच्या पाठीमागे होता. तो आमच्यापैकी कुणीही वाचला नव्हता.

“पाणी कमी आहे इथे,” बाबा म्हणाले.

“शेवाळंही आहे,” आजी म्हणाली.

मग आम्ही गाडीत जाऊन बसलो. मागच्या सीटवर माझ्या शेजारी, साडीच्या दुकानाच्या जाड कापडी पिशवीत, आजोबा होते.

एप्रिल पुन्हा आलाय. इथल्या हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली, संध्याकाळ एकदम लवकर दारात आली. शेजारणीनं फिजोआंची पिशवी पायरीवर ठेवून दिली. फिजोआ म्हणजे पेरूच्या लांबच्या नात्यातलं हिरवं फळ, या दिवसांत झाडाखाली सडा पडतो आणि लोकांना वाटून वाटून संपत नाही. आजोबा आधी एकदा याच दिवसांत आले होते, तेव्हापासून त्यांना ते फार आवडायचं. अर्धं कापून चमच्यानं खरवडून खायचे आणि साल पुन्हा जोडून ताटलीत ठेवायचे, जणू खाल्लंच नाही. परवा मी ऑफिसातून आले, पिशवीचा वास आला आणि जॉन्सनव्हिलमधल्या आमच्या घराच्या चढावर उभ्याउभ्या मला गेल्या वर्षीची पानगळ आठवली. आमच्या घरातली ती सगळी पानगळ पुलांवर गेली.

आजोबा गेले जानेवारीत. सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा आमच्याकडे आले होते. इथल्या उन्हाळ्यातली दुपार होती, ते व्हरांड्यात पेपर वाचत होते, आणि नंतर वाचत नव्हते. तेरा दिवसांचं सगळं पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओवर सांगितलं. बाबा मोबाइल डब्यांना टेकवून समोर बसले, पळी-पंचपात्र आजीच्याच बॅगेतलं होतं. शेवटी गुरुजी म्हणाले, अस्थींसाठी वाहतं पाणी बघा, बाकी स्थळकाळ तुमच्या सोयीनं. आजोबांनी स्वतः हॉस्पिटलातल्या एका आधीच्या मुक्कामात बाबांना सांगून ठेवलं होतं, “माझ्यासाठी विमानानं धावाधाव नको. जिथे असेन तिथल्या नदीत सोड.” त्यामुळे आजीनं त्यांना परत न्यायचा विषय काढला नाही. तिचं परतीचं तिकीट एप्रिलअखेरचं होतं. तिला जायच्या आधी हे झालेलं डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच ती म्हणाली.

समुद्र तर आमच्या दाराशी होता. पण आजीनं समुद्राला नाही म्हटलं. “साउथ आयलंडच्या बोटीत काय अवस्था झाली होती त्यांची. आता कायमचं तिथे कशाला?” यावर बाबांना हसू आलं, जानेवारीनंतर पहिल्यांदा, आणि ते तोंड धुवायला निघून गेले.

राहिली नदी. आणि नदी म्हटल्यावर आपल्या माणसांचं जसं होतं तसंच झालं. मंडळातल्या एका काकांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ, कुणाला विचारायला जाऊ नकोस. विचारलं की नाही म्हणतात. सकाळी लवकर जायचं, हात जोडायचे, मोकळं व्हायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, पूल बघायला आलो.” बाबा दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात, रांगेत घुसणाऱ्याला ‘सॉरी’ म्हणतात. पण या बाबतीत त्यांना हे पटलं. नदीची परवानगी मागायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. नीरेच्या काठी वाढलेल्या माणसाच्या ते गावी असेल तरी कसं? तिथे आख्खं गाव नदीत सगळं सोडत आलं, आणि नदीनं कधी नाव विचारलं नाही.

म्हणून आम्ही पूल बघायला लागलो. पुलावर थांबून खाली वाकणारा माणूस कुणाला विचित्र वाटत नाही. डोंगरापलीकडच्या वैरारापा भागातल्या जुन्या पुलांचं आणि पहिल्या वसाहतकऱ्यांच्या खुणांचं एक माहितीपत्रक बाबांनी कुठूनसं मिळवलं. आई शनिवार-रविवार वृद्धाश्रमात ड्यूटीवर असायची, त्यामुळे आम्ही तिघं. चौघं म्हणायला हवं. सकाळी धपाटे आणि चटणी डब्यात भरायची, चहाचा थर्मास, आणि रिमुटाकाचा घाट चढायचा. घाटात वारा गाडीला खांद्यानं ढकलल्यासारखा ढकलतो. वर पोचलं की पलीकडे एकदम सपाट, पिवळटलेली जमीन, कडेला पॉप्लर झाडांच्या उंच पिवळ्या रांगा आणि मध्ये दगडगोट्यांतून धागे धागे होऊन वाहणाऱ्या नद्या.

तिकडे पूल अरुंद. एका वेळी एकच गाडी जाणार, बाणाची पाटी सांगेल त्यानं थांबायचं. पलीकडून येणारा शेतकरी स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करून जातो.

“ओळखीचा होता?” आजीनं पहिल्यांदा विचारलं.

“नाही गं. इथे सगळेच करतात.”

“मग तूही कर की. तो काय म्हणेल.”

त्यानंतर बाबांआधी आजीचंच बोट वर जायला लागलं. आणि थोड्या वेळानं ती म्हणायची, “आमच्या गावच्या पुलावरूनही दोन एसट्या एका वेळी जात नाहीत. तो कुणी बघायला येत नाही.”

मी मागे बसून हे ऐकायची. मी बोलत नाही फारशी. शाळा इंग्रजीत झाली, निम्मी पुण्यात, निम्मी इथे. दोन्हीकडे माझ्या प्रगतिपुस्तकावर एकच शेरा असायचा की मुलगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. तोंड न उघडणाऱ्याला फलक वाचायला भरपूर वेळ मिळतो. बाबा आणि आजी पाण्याची खोली बघत, मी त्यांच्या पाठी उभी राहून अक्षरं वाचत असे. अमुक जहाजातून आलेली कुटुंबं. पहिली शाळा. पहिली गिरणी. पहिलं लाकडी चर्च, ज्याच्या दाराला आता कुलूप आणि पायरीवर मेंढ्यांच्या लेंड्या. घोड्यांना पाणी पाजायची दगडी कुंडी, तिच्यात आता शोभेची फुलं. प्रत्येक फलकावर ‘पहिला’ हा शब्द. आणि फलकाच्या शेजारी वाहणाऱ्या नदीचं नाव मात्र त्या कुणाच्याही भाषेतलं नाही. पूल बांधणाऱ्यांनी पुलाला आपलं नाव दिलं, नदीला ते देऊ शकले नाहीत, किंवा दिलं असेल आणि टिकलं नसेल. ते नाव ठेवणारी माणसं कोण, त्याबद्दल फलकावर एक ओळ नसायची. मी ओळ शोधायची आणि गाडीत येऊन बसायची.

एका दुपारी आम्ही वसाहतकऱ्यांच्या कब्रस्तानात थांबलो. जुन्या पुलाच्या टोकालाच होतं ते. गुडघाभर वाळलेलं गवत, कललेले दगड, सभोवार तारेचं कुंपण आणि पलीकडे गाई. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. ती प्रत्येक दगडाशी थांबून दोन सालांची वजाबाकी करत होती. तरुण बाई. तरुण बाई. म्हातारा. मग एका बुटक्या दगडाशी ती बराच वेळ थांबली, कारण दोन्हीकडचं साल एकच होतं.

“एवढ्या लांब जहाजातून आणलं असेल पोटात,” ती म्हणाली. दगडावरचं शेवाळ तिनं बोटानं थोडं खरवडलं, मग ते बरं नाही असं वाटून हात मागे घेतला. “यांना जागा तरी मिळाली.”

“आपल्यात जागा ठेवतच नाहीत, आई,” बाबा म्हणाले. “तेच बरं. मागच्यांना ओझं नको.”

“माहितीये मला. मी नको म्हणतेय का?”

ती गाडीकडे चालायला लागली. मला मात्र ते दगड बघून असं वाटलं होतं, की दूरवरून आलेल्या माणसाला दोन गोष्टी एकदमच हव्या असतात. आपण मोकळे होऊन वाहून जावं, आणि आपण इथे होतो हे कुठेतरी राहावंही. त्या लोकांनी दगड रोवले. आमच्यात रोवत नाहीत. पण मग बाबा इतके पूल का नाकारत होते? कुठे पाणी कमी, कुठे गाईंचा गोठा जवळ, कुठे रस्ता फार वर्दळीचा. एकदा सगळं जुळलं होतं, पाणी खोल, संथ, वर विलोची झाडं वाकलेली. बाबांनी पिशवी गाडीतून काढलीसुद्धा. आणि मग म्हणाले, “मोबाइलला रेंज नाही इथे.” आजी त्यांच्याकडे बघत राहिली. “रेंज कुणाला हवीये, प्रकाश?” ती हळूच म्हणाली. बाबांनी पिशवी पुन्हा सीटवर ठेवली आणि पट्टा लावला.

आता बाबा कुठल्याही पुलावर थांबले की आधी पुलाकडे बघतात. खिळे, तुळया, तारा. गेल्या वर्षी ते त्यांना जमत नव्हतं.

एक गोष्ट मला सबंध पानगळभर टोचत होती. इथल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी डेस्कवर चढून बसले होते, तर बाईंनी शांतपणे खाली उतरवलं. जिथे अन्न ठेवलं जाऊ शकतं तिथे अंग टेकवायचं नाही. टोपी टेबलावर ठेवायची नाही. माओरी घरांत शरीराचं आणि खाण्याचं एकत्र करत नाहीत, आणि मेलेल्या माणसाचं तर मुळीच नाही. मला ते चटकन समजलं होतं, कारण आजीच्या स्वयंपाकघरात उष्टं, खरकटं, सोवळं, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या असायच्या. पुढे एकदा सहलीला गेलो तेव्हा नदीकाठी एका माओरी माणसानं आम्हाला सांगितलं होतं की ही नदी म्हणजे आमची पूर्वज आहे, आणि आमचं ताटही आहे. ते वाक्य मी वहीत उतरवलं आणि विसरले. पुलांवर उभं राहिल्यावर ते रोज वर यायचं. पण मला नीट काय माहीत होतं? शाळेतलं अर्धवट ऐकलेलं. त्याच्या जोरावर बाबांना काय सांगणार, की तुमच्या वडिलांना इथे सोडू नका? आणि मग कुठे? आजीच्या तिकिटाची तारीख जवळ येत होती. गाडीत मी तोंड उघडायची आणि “चहा देऊ?” म्हणायची.

ईस्टरचा शनिवार. आजी जाण्याआधीचा आमचा बहुधा शेवटचाच शनिवार. बाबा आधीच्या संध्याकाळी म्हणाले होते, “उद्या जो मिळेल तो.” आजीनं पांढरी शेवंती घेतली होती, सुपरमार्केटच्या प्लॅस्टिकमधून सोडवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. घाटात धुकं होतं. पलीकडे ऊन.

तो झुलता पूल मुख्य रस्त्यापासून बराच आत होता. लोकरीच्या गाड्या नेण्यासाठी बांधलेला, आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. दोन्ही टोकांना काँक्रीटच्या कमानी, मध्ये जाड तारांवर तोललेल्या फळ्या. पाऊल टाकलं की पूल श्वास घेतल्यासारखा हलायचा. खाली पाणी स्वच्छ, हिरवं, चांगलं वाहतं. दोन्ही काठांना विलोची पिवळी पानं एक एक करून सुटत होती आणि पुलाखालून निघून जात होती. माणूस दिसत नव्हता. बाबा बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ झाले.

“हा,” ते म्हणाले. “आई, हा चालेल ना?”

आजीनं मान हलवली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

तेवढ्यात पुलाच्या खालच्या बाजूनं, झुडपांतून, एक बाई आली. आजीच्याच वयाची, गुडघ्यापर्यंत गमबूट, खांद्यावर कांद्याचं जाळीदार पोतं. नदीला मिळणाऱ्या एका ओहोळात ती वाकून वाकून काहीतरी कापत होती. आम्हाला बघून तिनं हात वर केला. “किआ ओरा!”

“किआ ओरा,” आजी म्हणाली. हा माओरी नमस्कार तिला छान जमायचा. आणि लगेच मला, “सानू, ती काय काढतीये? भाजी आहे का गं?”

आजीला भाजी दिसली की तिला थांबवता येत नाही. ती माझा हात धरून पुलावरून उतरली, काठाच्या गोट्यांवरून जपून चालत गेली. पोत्यात गोल, ओल्या, गर्द पानांच्या जुड्या होत्या. वॉटरक्रेस. बाईनं एक देठ तोडून आजीच्या हातावर ठेवला. आजीनं चावून बघितला.

“हळिवाच्या पाल्यासारखं लागतंय. तिखट. कशी करता विचार.”

मी विचारलं. बाई म्हणाली, डुकराच्या हाडांबरोबर बराच वेळ शिजवायची.

“उकडून,” मी आजीला सांगितलं.

“मी लसूण-मिरचीवर परतली असती,” आजी म्हणाली. मी ते बाईला सांगितलं. ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, “तिला सांग, उद्या ये आणि करून दाखव. माणसं ढिगानं येणार आहेत.”

उद्या काय आहे, असं मी विचारलं. बाईनं पोतं खाली ठेवलं. उद्या तिच्या नवऱ्याच्या थडग्यावरचा दगड उघडायचा होता. माणूस जाऊन साधारण वर्ष झालं की दगड बसवतात, त्यावर कापड घालतात, आणि सगळे जमून ते कापड काढतात. रडतात, मग जेवतात. जेवणात ही भाजी हवीच. त्याला इथलीच आवडायची, या वळणाखालची. लहानपणापासून.

मी आजीला सांगितलं, “तिचे मिस्टर गेले. उद्या वर्षश्राद्धासारखं आहे.”

आजीच्या तोंडातला देठ तसाच राहिला. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि त्या बाईचे ओले, चिखलाचे हात धरले. “माझेही,” ती मराठीत म्हणाली, आणि आपल्या मोकळ्या गळ्याला हात लावला. बाईला ते कळायला माझी गरज पडली नाही. एक विलोचं पान आजीच्या जाकिटावर येऊन पडलं, कुणी ते काढलं नाही.

मागे गोट्यांवर बाबांच्या बुटांचा आवाज झाला. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. बाईनं त्यांना विचारलं, “पूल बघायला आलात?”

“येस, येस,” बाबा म्हणाले. “व्हेरी ब्यूटिफुल ब्रिज.”

“आमच्या म्हाताऱ्यांनी तारा ओढल्या त्याच्या,” ती म्हणाली. “पाटीवर नाव नाही त्यांचं.” मग तिनं पोतं खांद्यावर घेतलं. आणखी लागणार होती भाजी. वळणाच्या खाली चांगली मिळते, पाणी तिथे थोडं थांबतं. तिनं एक जुडी आजीच्या हातात दिली आणि ती काठाकाठानं खाली जायला लागली, हळूहळू, एक गुडघा दुखत असल्यासारखी.

बाबा माझ्या कानाशी आले. “मी पिशवी घेऊन येतो. ती वळणापलीकडे गेली की उरकून घेऊ.”

त्यांचा आवाज वाईट नव्हता. थकलेला होता. इतके शनिवार त्यांनी वडिलांना गाडीत बसवून जागा शोधली होती, आणि आता पाणी चांगलं होतं, ऊन होतं, फुलं ओली होती. आजी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती जुडी छातीशी धरून खाली जाणाऱ्या बाईकडे बघत होती. मला वाटलं ती काही म्हणेल. मग माझ्या लक्षात आलं, ती म्हणू शकणार नव्हती. तिला दिसत होतं ते सगळं, पण दोघींचं बोलणं ऐकलेली आणि ते त्या बाईच्या भाषेत सांगू शकणारी तिथे मी एकटीच होते.

बाबा गाडीकडे वळले. बाई वळणाशी पोचत आली होती. पाणी आमच्याकडून तिच्याकडे जात होतं, विलोची पानं घेऊन, अगदी सहज. मला शाळेतला वर्ग आठवला नाही, की कुणी शिकवलेलं काही आठवलं नाही. मी गोट्यांवरून पळायला लागले. मागे बाबांनी हाक मारली. ती बाई थांबली, वळली. मी तिच्यासमोर उभी राहिले, मला धाप लागली होती, आणि ती काहीच न विचारता वाट बघत राहिली, जशी घरातली माणसं बघतात.

मी म्हणाले, “माझे आजोबा गाडीत आहेत. जानेवारीत गेले. आमच्याकडे राख नदीत सोडतात, म्हणून आम्ही आलो. पण तुम्ही इथलं जेवता. त्यांना कुठे नेऊ, तुम्ही सांगाल का?”